बारा तोंडं, बहात्तर प्लेटा

मोजणीबाईंचं खरं नाव त्या दंत महाविद्यालयात आता फक्त हजेरीच्या वहीत उरलं होतं. बाकी शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना मोजणीबाईच म्हणायचे. जिन्याखालून आत गेलं की तळमजल्यावर जंतूंची प्रयोगशाळा लागायची, आणि तिथे बाई गेली सव्वीस वर्षं एकच काम करत होत्या. रुग्णांच्या तोंडातले जंतू चपट्या गोल प्लेटांमध्ये वाढवायचे आणि त्यांचे ठिपके मोजायचे. उजव्या हातात पेन, डाव्या हातात आकडा पुढे सरकवणारा खटका. ठिपक्यावर पेननं खूण केली की अंगठ्यानं खटका दाबायचा. मधे कुणी बोलायला आलं तर बाई एक भुवई तेवढी उचलायच्या. त्याचा अर्थ ‘एकशे चौदावर आहे, गप्प बस’ असा होतो, हे नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात कळायचं.

त्या वर्षी छोटी डॉक्टर तीस नळ्या घेऊन बाईंकडे आली. ही दात सरळ करण्याच्या विभागातली शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. चणीनं लहान, म्हणून छोटी. जिभेनं मात्र अजिबात लहान नाही. वेडेवाकडे दात सरळ करताना प्रत्येक दातावर एक चौकोनी बटण चिकटवतात आणि त्याच्या खाचेतून तार ओढून घेतात. त्या बटणाला म्हणतात ब्रॅकेट. ब्रॅकेट स्टीलचं असतं, सिरॅमिकचं असतं, प्लॅस्टिकचंही असतं. यातल्या कशावर जंतूंचा थर जास्त चढतो, हा छोट्या डॉक्टरच्या प्रबंधाचा विषय होता. तीस मुलांच्या तोंडातून एकेक ब्रॅकेट काढून तिनं नळीत टाकलं होतं. नळीवर नुसता आकडा. कुठलं कशाचं, ते बाईंना सांगायचं नाही, असा नियमच होता.

बाईंनी नेहमीप्रमाणे मोजलं. वीस प्लेटा बऱ्या होत्या. दहा मात्र अशा काही भरल्या होत्या की, ठिपक्याला ठिपका लागून सगळी साय धरलेली. तीनशेच्या वर गेलं की मोजायचं नाही, नमुना पातळ करून पुन्हा लावायचा; तसं दहाही वेळा करावं लागलं. आकडे लिहून दिले, छोट्या डॉक्टरनं आपली यादी उघडली, आणि ती मटकन स्टुलावर बसली.

“बाई, दहाच्या दहा प्लॅस्टिकची आहेत.”

“मग तसं लिही.”

“प्लॅस्टिकची म्हणजे सरांची!”

तेव्हा कुठे बाईंचा अंगठा खटक्यावरून सुटला.

मोठे सर म्हणजे त्या विभागाचे प्रमुख. त्यांच्या हाताखाली शिकलेले डॉक्टर गावोगावी दवाखाने थाटून बसले होते. एका छोट्या कारखान्याबरोबर आठ वर्षं खपून त्यांनी एक पारदर्शक प्लॅस्टिकचं ब्रॅकेट तयार केलं होतं. दाताला लावलं की हातभर अंतरावरून दिसायचंसुद्धा नाही. सर लहान असताना त्यांच्या तोंडात स्टीलच्या पट्ट्या होत्या आणि वर्गातली पोरं त्यांना ‘कुलूप’ म्हणायची. ही गोष्ट ते दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना हसत हसत सांगत. पण ऐकणाऱ्याला कळायचं, की माणूस अजून पुरता हसलेला नाही. ‘माझ्या दवाखान्यातून कुठलंही मूल कुलूप होऊन बाहेर जाणार नाही,’ हे त्यांचं ब्रीद. आणि कारखान्याच्या माहितीपत्रकावर पहिलंच वाक्य होतं: ‘या ब्रॅकेटवर जंतू चिकटत नाहीत.’

दुसऱ्याच दिवशी सर तळमजल्यावर उतरले. सव्वीस वर्षांत ते तिथे तिसऱ्यांदा येत होते.

“बाई, पुन्हा मोजा.”

बाईंनी त्यांच्यासमोर पुन्हा मोजलं. दोन-चार ठिपके इकडचे तिकडे झाले, एवढंच.

सरांनी चष्मा पुसला. “हरकत नाही. ही दहा मुलं वयानं लहान आहेत. आळशी. ब्रशच करत नाहीत. तोंडच घाण असेल तर त्यात ब्रॅकेटचा काय दोष?” मग छोट्या डॉक्टरकडे वळून म्हणाले, “ही दहा वगळ. दूषित नमुने म्हणून लिही.”

बोलणं अगदीच खोटं नव्हतं. मुलं खरंच लहान होती. पण ‘ब्रशच करत नाहीत’ हे शब्द बाईंच्या ओळखीचे होते. हेच शब्द याच माणसाच्या तोंडून त्यांनी चार वर्षांपूर्वी ऐकले होते.

तेव्हा बाईंची लेक चौदा वर्षांची होती. कर्मचाऱ्यांच्या मुलांना विभागात उपचार मिळायचे, म्हणून बाराव्या वर्षी तिला सरांची पारदर्शक ब्रॅकेटं बसवली होती. दोन वर्षांनी ती काढली. दात ओळीत आले होते, पण प्रत्येक दातावर ब्रॅकेटच्या कडेनं खडूसारखा पांढरा चौकोन उमटला होता. सरांनी आरसा बाजूला ठेवला आणि म्हणाले, “मुलगी ब्रश करत नाही.” तसंच केसपेपरवर लिहिलं. लेक रडत म्हणाली, “आई, मी करते गं! दिवसातून तीनदा करते!” आणि बाईंनी काय केलं? सगळ्यांदेखत तिला झापलं. त्या आधीही सहा महिने सकाळ-संध्याकाळ तिचा ब्रश ओला आहे की कोरडा, हे त्या बोट लावून बघत होत्या. ब्रश ओला असायचा. तरी बाईंना वाटायचं, नळाखाली नुसता धरत असेल.

“वगळायची नाहीत,” बाई म्हणाल्या.

सरांनी मान वळवली. “काय म्हणालात?”

“प्लेट दूषित आहे की नाही, ते प्रयोगशाळा ठरवते सर. त्या कागदावर सही माझी असते. या दहा प्लेटा दूषित नाहीत. मी तशी सही करणार नाही.”

सर हळूच म्हणाले, “आत्ता लक्षात आलं. तुमच्या मुलीचं मनात धरून बसलाय तुम्ही. लेकीचा राग प्लेटांवर काढताय.”

सर निघून गेले. बाईंना राग याचा आला, की सर बोलले ते निम्मं खरं होतं. मोजताना कुठली प्लेट कशाची ते त्यांना ठाऊक नव्हतं, तेव्हा आकड्यात लबाडी शक्यच नव्हती. पण आकडे कळल्यावर ‘सापडलास!’ असं मनात उमटलं होतं, हे त्या स्वतःपासून कसं लपवणार?

घरी आल्या तेव्हा लेक अभ्यासाची पुस्तकं पसरून बसली होती. आता ती अठराची. बाईंनी चपला काढता काढताच विचारलं, “तू तेव्हा खरंच ब्रश करायचीस ना गं?”

लेकीनं पुस्तकातून डोकं वर काढलं नाही. “चार वर्षांनी विचारतेस?”

“सांग तरी.”

“तेव्हा सांगितलं होतं. तेव्हा तुला सर खरे वाटले. आज काय झालं? सर खोटे पडले वाटतं?”

पोर अचूक बोलली होती. शिलाई मशीन दुरुस्त करणारे बाईंचे यजमान कोपऱ्यात कुठलासा स्क्रू शोधत होते. तेही शोधायचे थांबले. “अगं, आपलेच दात, आपलेच ओठ,” ते समजुतीनं म्हणाले, “कुणाला बोल लावायचा?” पण बाईंना त्या दिवशी कुणाची समजूत नको होती. दाती तृण धरून सरांसमोर जायचं नाही आणि लेकीसमोर सारवासारवही करायची नाही, एवढं त्यांनी जेवता जेवता ठरवलं.

आठवडाभर विचार करून त्या तिसऱ्या मजल्यावर सरांच्या खोलीत गेल्या. बसा म्हणायची वाट न बघता बसल्या.

“सर, तुम्ही म्हणालात मुलांची तोंडं वेगवेगळी. खरं आहे. मग एकाच तोंडात तिन्ही लावू. तोंड तेच, थुंकी तीच, जेवण तेच, ब्रश तोच. डावीकडे तीन, उजवीकडे तीन. मग दोष कुणाला देणार?”

सरांना हसू आलं. “आणि असं सहा बटणांचं तोंड घेऊन हिंडायला तयार कोण होणार?”

“मी.”

“एक तोंड म्हणजे पुरावा नव्हे बाई.”

“किती लागतील?”

ब्याद टळावी म्हणून सर म्हणाले, “निदान बारा. आणि विद्यार्थी चालणार नाहीत. त्यांची परीक्षा माझ्या हातात. उद्या कुणी म्हणेल, दबाव टाकला.”

“बारा आणते.”

“आणि मोजणार कोण? तुम्ही?” सरांचा आवाज जरा धारदार झाला.

याचं उत्तर बाई घरूनच घेऊन आल्या होत्या. “मी नाही. माझं तोंड घ्या, माझे डोळे घेऊ नका. ते तुम्हाला खोटे वाटतात ना? मग तुम्ही मोजा. स्वतः. बहात्तरच्या बहात्तर प्लेटा.”

सर पेपरवेट फिरवू लागले. पण माणूस मुळात अभ्यासू. बरोबर मांडलेल्या प्रयोगाला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर आलं असावं. शेवटी म्हणाले, “आधी समितीची परवानगी आणा.”

समितीनं दीड महिना घेतला. छोट्या डॉक्टरनं अर्ज तीनदा लिहिला. मधल्या काळात प्राचार्यांनी बाईंना बोलावून घेतलं. मायेनं चौकशी केली, गुडघे कसे आहेत विचारलं, आणि मग म्हणाले, “बाई, निवृत्तीला चार वर्षं राहिली. कशाला हात दाखवून अवलक्षण? एवढी वर्षं कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही...”

“तेच तर चुकलं,” बाई म्हणाल्या. “गुडघे ठीक आहेत.”

मग सुरू झाली तोंडांची शोधाशोध. दातांच्या महाविद्यालयात तोंडांना काय तोटा, असं कुणालाही वाटेल. पण सहा बटणं लावून तीन आठवडे हिंडायचं म्हटल्यावर भल्याभल्यांची दातखिळी बसायची. गेटवरचे काका मात्र पहिल्या फटक्यात तयार झाले. म्हणाले, “पंचवीस वर्षं दुसऱ्यांना आत सोडतोय, एकदा आपणपण आत जाऊन बघू.” ग्रंथपाल मितभाषी. त्यांनी समितीनं दिलेला माहितीचा कागद तीनदा वाचला, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका सुधारल्या आणि खाली सही ठोकली. हत्यारं उकळून देणाऱ्या दोघी बहिणी आल्या, कारण एक आली की दुसरी येतेच. लिफ्टमन आला, हजेरी कारकून आला, बागेचा माळी आला. कपडे धुणारी आली, ती म्हणाली, “बाई, माझ्या पोराच्या दातावर पण तसलेच डाग आहेत. मला कुणी काही विचारलंच नाही, नुसतं ओरडले.” अशी करत करत बारा तोंडं जमली. प्रत्येकाला छोट्या डॉक्टरनं सगळं समजावून सांगितलं आणि केव्हाही सोडून जाता येईल हेही बजावलं. कुणी गेलं नाही.

प्रत्येकाच्या डाव्या बाजूला स्टील, सिरॅमिक, प्लॅस्टिक अशी तीन, उजव्या बाजूला तीच तीन. कुठल्या दातावर कुठलं, ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. ब्रॅकेटमध्ये तारेचा तुकडा अडकवायला डावीकडे बारीक रबरी कडी आणि उजवीकडे पातळ तारेचा पीळ. ही छोट्या डॉक्टरची जादा पुस्ती होती. “आलेच आहेत तर हेही बघून घेऊ,” ती म्हणाली.

बाई खुर्चीत आडव्या झाल्या तेव्हा सरांनी स्वतः त्यांना ब्रॅकेटं लावली. एका दाताचा दुसऱ्याला मेळ नव्हता. सर सवयीनं म्हणाले, “तुम्ही वेळेवर का नाही आलात दात सरळ करायला?” तोंडात आरसा होता म्हणून बाईंना उत्तर देता आलं नाही. बाहेर आल्यावर त्या छोट्या डॉक्टरला म्हणाल्या, “सव्वीस वर्षं तळमजल्यावर होते. वर कुणी बोलावलंच नाही.”

ते तीन आठवडे महाविद्यालयात नुसती मजा होती. गेटवरचे काका येणाऱ्याला आधी दात दाखवायचे, मग ओळखपत्र मागायचे. लिफ्टमन मजल्यांचे आकडे नीट उच्चारेना, त्यामुळे दोन प्राध्यापक चुकीच्या मजल्यावर उतरले. दोघी बहिणी आरशासमोर उभ्या राहून कुणाचं सिरॅमिक जास्त पांढरं यावर भांडल्या. घरी यजमान म्हणाले, “लग्नात एवढी नटली नव्हतीस.” गालाच्या आत सोलपटून निघालं होतं, घास चावताना डोळ्यांत पाणी यायचं. काही विद्यार्थी पाठीमागून हसत, तेही बाईंना दिसत होतं. एकदा जिन्यात कुणीतरी बारीक आवाजात ‘कुलूप’ म्हणालं. बाई थांबल्या, मागे वळल्या आणि सगळे दात दिसतील असं हसल्या. तो मुलगा पायऱ्या चुकवत खाली पळाला. पण ती ठिणगी बाईंना आत कुठेतरी लागलीच. बावन्नाव्या वर्षी एवढं झोंबतं, तर दहा वर्षांच्या पोराला किती झोंबलं असेल? त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना सरांचा राग जरा कमी आला.

लेक हे सगळं बघत होती. एका सकाळी ती न्हाणीच्या दारात उभी राहून म्हणाली, “मागच्या बाजूनं घासत नाहीस तू. तिथे ब्रश आडवा धर.” आणि कसा धरायचा ते दाखवून निघून गेली.

तीन आठवडे झाले. छोट्या डॉक्टरनं सगळ्यांची ब्रॅकेटं काढून नळ्यांत टाकली. ग्रंथपालांनी नळ्यांवर आपले आकडे चिकटवले, यादी पाकिटात घातली, पाकीट लाखेनं बंद करून पुस्तकांच्या कपाटात ठेवलं. “इथून आजवर फक्त शब्दकोश गेलाय, तोही परत आला,” एवढंच ते बोलले. नळ्यांमधलं पाणी प्लेटांवर पसरलं, प्लेटा दोन दिवस उबेत ठेवल्या, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मोठे सर बाह्या सारून बाईंच्या खुर्चीत बसले.

बाई बाहेर जिन्याखाली स्टूल टाकून बसल्या. आत जायचं नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. आतून खटक्याचा आवाज यायचा. टक, टक, टक. मधेच थांबायचा. सर चुकलेत, पुन्हा पहिल्यापासून चाललंय, हे बाईंना न बघता कळायचं. तासाभरानं सरांनी दारातून डोकं बाहेर काढलं.

“दोन ठिपके एकमेकांना चिकटले असतील तर एक धरायचा की दोन?”

“मी काही सांगणार नाही. तुमच्या डोक्यावर भिंतीला नियम लावलाय. वाचा.”

डोकं आत गेलं. दुपार झाली. सरांनी चहा नाकारला. बारा तोंडांतली आठ तरी काही ना काही निमित्त काढून जिन्याखालून येरझाऱ्या घालून गेली. चारच्या सुमाराला खटका थांबला आणि पुन्हा वाजलाच नाही.

पाकीट सगळ्यांसमोर फोडलं. ग्रंथपाल एकेक आकडा वाचत, छोटी डॉक्टर फळ्यावर लिहीत होती. बारा ओळी, सहा रकाने. फळा भरत गेला तशी कुजबुज थांबत गेली. बारापैकी अकरा तोंडांत प्लॅस्टिकवर सगळ्यात जास्त जंतू होते, बहुतेकांत दुप्पट-अडीचपट. बारावं तोंड लिफ्टमनचं, त्याच्या तोंडात सगळंच सारखं होतं.

पण फळ्यावर आणखीही काही होतं. सिरॅमिक सगळ्यात स्वच्छ निघणार, असं बाई पैजेवर सांगत होत्या. चिनी मातीची बशी कशी एका पाण्यात निघते, हे त्यांचं कारण. तसं काही झालं नव्हतं. स्टील आणि सिरॅमिक खांद्याला खांदा लावून उभे होते, फरक सांगायलाही लाज वाटावी एवढाच. आणि रबरी कडी लावलेली डावी बाजू तारेच्या उजव्या बाजूपेक्षा सगळीकडे जास्त भरली होती, ब्रॅकेट कशाचंही असो.

“आणि हे तोंड कुणाचं?” कपडे धुणारीनं फळ्यावरच्या सातव्या ओळीकडे बोट दाखवलं. सगळ्याच रकान्यांत मोठाले आकडे होते.

ग्रंथपालांनी यादी बघितली आणि घसा साफ केला. “मोजणीबाईंचं.”

हशा पिकला. बाईंचे कान लाल झाले. ग्रंथपालांनी बाकीच्या ओळींचीही नावं वाचून संपवली, तशा त्या उठून उभ्या राहिल्या. “माझंच. मी ब्रश नीट करत नाही, ते दिसतंय. सिरॅमिकचा अंदाजही चुकला. तेही लिहा. पण गेटवाल्या काकांचं बघा. बारांत सगळ्यात स्वच्छ तोंड त्यांचं. त्यांच्या तोंडातल्या प्लॅस्टिकवर जेवढे आहेत, जवळजवळ तेवढेच माझ्या घाणेरड्या तोंडातल्या स्टीलवर आहेत. म्हणजे काकांसारखं घासणाऱ्या पोरालासुद्धा आपण आळशी म्हणत होतो.”

सरांनी काकांची ती प्लेट उचलली, खिडकीशी नेली, उजेडात धरली. आपणच केलेल्या पेनच्या खुणा ते बराच वेळ बघत राहिले.

“आठ वर्षं,” ते म्हणाले. मग जरा वेळानं, “घासून घासून प्लॅस्टिकला ओरखडे पडतात. त्यात बसत असणार. हे मला सुचायला हवं होतं.”

“माहितीपत्रकातलं वाक्य, सर?”

“छापून गेलंय बाई. चार हजार प्रती.”

“छापलेलं बदलता येतं. पोरांच्या दातावरचं नाही.”

सरांचा चेहरा क्षणभर कठीण झाला. सगळ्यांना वाटलं, आता फिसकटणार. पण त्यांनी प्लेट जागेवर ठेवली, बाह्या खाली केल्या, बटणं लावली. “मी मोजलंय,” ते म्हणाले. “मी मोजलेलं मी नाकारणार नाही.”

कारखान्यानं सहजासहजी ऐकलं नाही. आधी बारा तोंडं कमी आहेत म्हणाले, मग माळी आणि लिफ्टमन हे काय शास्त्र आहे का म्हणाले. सरांनी उलट पत्र लिहिलं, की मोजणारा मी होतो, माझं शास्त्र तुम्हाला आठ वर्षं चालत होतं. नवं ब्रॅकेट होईपर्यंत विभागात मुलांना प्लॅस्टिक लावणं त्यांनी बंद केलं, आणि लावायचंच झालं तर रबरी कडी नको, तार वापरा, अशी चिठ्ठी प्रत्येक खुर्चीवर चिकटवली. छोट्या डॉक्टरचा प्रबंध दहा नमुने न वगळता गेला. सोबत बारा तोंडांचं वेगळं प्रकरण.

बाईंचं एक काम मात्र राहिलं होतं. त्या लेकीचा जुना केसपेपर काढून सरांसमोर घेऊन गेल्या.

“‘मुलगी ब्रश करत नाही.’ हे तुम्ही लिहिलंय. खोडा.”

सरांनी चष्मा चढवून वाचलं. “खोडता येत नाही. आणि खरं सांगू? त्या एका मुलीचे डाग ब्रॅकेटनं पडले, असं आज छातीठोक मीही सांगू शकत नाही. तुम्हीही नाही.”

“नाही सांगू शकत,” बाई म्हणाल्या. “पण तेव्हाही सांगता येत नव्हतं. मग लिहिलंत कसं?”

सरांनी पेन उघडलं, आजची तारीख घातली आणि जुन्या शेऱ्याखाली स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘वरील शेरा कोणत्याही पुराव्याशिवाय लिहिला होता.’ खाली सही केली. बाईंनी छायाप्रत काढून घेतली.

घरी लेक दोरीवरचे कपडे काढत होती. बाईंनी कागद तिच्यापुढे धरला. तिनं वाचला, हातातला टॉवेल खांद्यावर टाकला, पुन्हा वाचला.

“म्हणजे शेवटी तुला कागदच लागला,” ती म्हणाली. “माझं बोलणं पुरलं नाही.”

बाईंना सांगण्यासारखं पुष्कळ होतं. सोललेले गाल, समिती, प्राचार्य. हे सगळं तुझ्यासाठीच केलं, असंही म्हणता आलं असतं. पण ते पूर्ण खरं नव्हतं. अर्धवट खरं आता त्यांना कुणालाच द्यायचं नव्हतं.

“लागला,” त्या म्हणाल्या. “माझं चुकलं. सरांचं चुकलं ते चुकलंच, पण तुझ्या घरात मी होते.”

लेक चिमटे गोळा करत राहिली. ओंजळ भरल्यावर तिनं ते टोपलीत ओतले, चादरीची दोन टोकं पकडली आणि उरलेली दोन धरायची आईला हनुवटीनं खूण केली. दोघींनी चादर ताणली, झटकली, घडी घातली.

“मी हे डाग बुजवून घेणार नाहीये,” लेक म्हणाली. “छोट्या डॉक्टरला सांग, कुणी बघायला मागितले तर मी दाखवेन. म्हणावं, ही मुलगी ब्रश करत होती.”

“तूच सांग. सोमवारी वर ये माझ्याबरोबर.”

“तू कशाला चाललीस वर?”

“दात सरळ करायला,” बाई म्हणाल्या. “स्टीलची लावणार आहेत. चकचकीत.”